टाइप वनसाठी ‘स्टेम सेल आणि गट रिसेट’ पॅकेज : पैसे भरण्याआधी काय तपासायचं

टाइप वन मधुमेहासाठी मुंबई-ठाण्यात जे ‘स्टेम सेल आणि गट रिसेट’ पॅकेज सुचवलं जातं, त्याचे साधारण दोन भाग असतात. पहिला ‘गट’चा (gut), म्हणजे आतड्याचा : घरच्या घरी शौचाचा नमुना घ्यायचं किट, रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट आणि त्यावर बेतलेलं काही महिन्यांचं प्रोबायोटिक. दुसरा स्टेम सेलचा : कमरेच्या हाडातून मॅरो (अस्थिमज्जा) काढायचा किंवा पोटावरची चरबी घ्यायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी सलाइनमधून परत द्यायच्या. काही ठिकाणी स्वतःच्या पेशींऐवजी नाळेपासून वाढवलेल्या, गोठवून आणलेल्या पेशी देतात. पहिल्या भागाचा खर्च हजारांत जातो, दुसऱ्याचा लाखांत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आतड्याच्या भागाने अपाय होण्याची शक्यता कमी, पण त्यातून उपचाराचा एकही निर्णय निघत नाही. स्टेम सेलचा भाग आज विकत घेऊ नये; तो विकणंच आपल्या देशातल्या नियमांत बसत नाही. दोन्ही विषयांमागे खरं आणि गंभीर संशोधन आहे, म्हणूनच ही पॅकेजं शिकल्यासवरल्या घरांनाही पटतात. माहितीपत्रकात दाखवतात ते परदेशी प्रयोग बहुधा खरेच असतात. पण त्या प्रयोगांत जे दिलं गेलं ते इथल्या सलाइनच्या पिशवीत नसतं, आणि इथे जी सुधारणा दाखवतात ती पिशवीविनाही झाली असती. या दोन गोष्टी नीट कळल्या की पुढचं सगळं सोपं होतं.

पिशवीत नेमकं काय असतं

मॅरो काढायची पद्धत अशी. रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवतात, कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यावर भूल देतात (लहान मुलांना गुंगी किंवा पूर्ण भूल लागते), जाड सुई हाडात घालतात आणि सिरिंजने मॅरो ओढतात. मोठ्या माणसात साधारण १०० मिलिलिटर, मुलांत वजनाप्रमाणे कमी. एकाच जागेवरून जास्त ओढलं की मॅरोत रक्त मिसळत जातं, म्हणून थोडं ओढून झालं की सुईची जागा बदलावी लागते. घाईत हे केलं नाही, तर सिरिंज भरलेली दिसते पण त्यात बरंचसं साधं रक्त असतं. हा नमुना फायकॉलसारख्या जड द्रावणावर अलगद सोडतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि त्या दोघांच्या मध्ये, द्रावणाच्या काठावर एक पातळ पांढुरका पडदा तयार होतो. तो पडदा पिपेटने उचलतात, धुतात, सलाइनमध्ये मिसळतात. काही तासांत पिशवी तयार.

पॅकेजच्या कागदावर या पांढुरक्या थराला ‘स्टेम सेल’ म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात तो मोनोन्यूक्लिअर पेशींचा थर आहे : लिम्फोसाइट, मोनोसाइट, रक्त तयार करणाऱ्या अपक्व पेशी. टाइप वनच्या अलीकडच्या प्रयोगांत वापरल्या त्या मेसेनकायमल पेशी यात दर १० हजार ते १ लाख पेशींमागे एखादी. थरात ५० कोटी पेशी मिळाल्या असं धरलं, तरी मेसेनकायमल पेशी भरतात ५ हजार ते ५० हजार. स्वीडनमधला जो प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जो पॅकेजवाले हमखास दाखवतात, त्यात नाळेपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या २० कोटी मेसेनकायमल पेशी एका वेळी दिल्या होत्या. म्हणजे फरक कमीत कमी ४ हजार पटींचा. तेव्हा ‘एवढ्या कोटी पेशी दिल्या’ ही ओळ वाचली की एकच प्रश्न विचारा : कुठल्या पेशी, आणि त्या त्याच आहेत हे कशावरून?

कशावरून, याचं उत्तर फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये असतं. मेसेनकायमल पेशींवर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर दिसायला हव्यात. सीडी ३४ आणि सीडी ४५ या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या आत. हा रिपोर्ट त्या बॅचचा, त्या तारखेचा असायला हवा. त्याच्यासोबत जिवंत पेशींचं प्रमाण, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), मायकोप्लाझ्मा (एक सूक्ष्म जिवाणू) आणि जंतुसंसर्गाची तपासणी. यातली शेवटची महत्त्वाची. निर्जंतुकतेचा पारंपरिक कल्चर (नमुन्यात जंतू उगवतात का ते पाहणं) १४ दिवस ठेवावा लागतो. त्याच दिवशी काढून त्याच दिवशी दिलेल्या पिशवीचा हा निकाल पेशी शरीरात जाऊन दोन आठवडे झाल्यावर येतो. अशा वेळी निदान त्या दिवसाचं ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि एंडोटॉक्सिनचा आकडा तरी फाइलला असलाच पाहिजे, आणि १४ दिवसांनी कल्चरमध्ये काही उगवलं तर कोण फोन करणार, हे लिहून घेतलेलं असलं पाहिजे.

गोठवून आणलेल्या पेशींची अडचण वेगळी. त्या द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानात, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास, ठेवलेल्या असतात आणि वाहतुकीत ते तापमान टिकलं की नाही हे फक्त डबीतल्या डेटा लॉगरचा आलेख सांगतो. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली की लगेच द्यावी लागते, कारण गोठवताना घातलेलं डायमिथाइल सल्फॉक्साइड साध्या तापमानाला पेशींना मारत राहतं. ते रक्तात गेलं की रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. घरचे तो वास म्हणजे औषध लागू पडल्याची खूण समजतात. तो फक्त त्या रसायनाचा वास आहे. पेशी मेलेल्या असल्या तरी येतो.

आणि शिरेतून दिलेल्या या पेशी जातात कुठे? बहुतांश पहिल्याच फेरीत फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. स्वादुपिंडात जाऊन त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी होत नाहीत. त्यांचा परिणाम असलाच, तर तो टाइप वनमध्ये बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना शांत करणाऱ्या संदेशांमधून. ‘स्वादुपिंड नव्याने तयार होईल’ असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसाकडे पुढचा प्रश्न विचारायला थांबू नका.

स्वीडनच्या प्रयोगाचा निकालही पूर्ण वाचावा. एकूण १५ प्रौढ, १० जणांना पेशी, ५ जणांना नुसतं द्रावण. वर्षभरात पेशी मिळालेल्यांची स्वतःची इन्सुलिन-निर्मिती साधारण १० टक्के घटली, दुसऱ्या गटाची ४७ टक्के. आशादायकच आहे हे. पण निदान होऊन दोन वर्षांच्या आतले रुग्ण घेतले होते आणि त्यांचं इन्सुलिन सुटलं नाही, वाढायचं थांबलं. दहा-बारा वर्षं टाइप वन असलेल्या माणसाला हेच पॅकेज विकताना हा प्रयोग दाखवणं ही सरळ दिशाभूल आहे. त्याच्याकडे वाचवण्याजोगं फारसं उरलेलंच नसतं.

‘इन्सुलिन निम्म्यावर आलं’ म्हणजे काय

पॅकेजच्या जाहिरातीत सर्वात जास्त चालणारं वाक्य हे. ३० युनिट होतं, ३ महिन्यांत १२ वर आलं. हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. प्रश्न आहे तो कारणाचा.

निदान होतं तेव्हा बीटा पेशी सगळ्या मेलेल्या नसतात. कितीतरी पेशी जिवंत असतात, पण साखर कित्येक आठवडे ३००-४०० च्या वर राहिल्याने त्या थकून बंद पडलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन सुरू केलं, साखर उतरली की काही आठवड्यांत त्या पुन्हा काम करायला लागतात. गरज आपोआप घटते. डॉक्टर याला हनिमून पिरियड म्हणतात. तो काही महिने टिकतो, कुणाला वर्षभर किंवा जास्तही. अगदी लहान मुलांत लवकर संपतो. आणि हीच ती वेळ, जेव्हा घरचे सैरभैर झालेले असतात, नातेवाईक लिंका पाठवत असतात आणि पॅकेज ठरतं. पिशवी चढते आणि हनिमून पूर्ण भरात येतो. श्रेय कुणाला जातं हे सांगायला नको.

हनिमून आहे की नाही हे घरी मोजता येतं. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) घ्या, त्यात रोजच्या एकूण इन्सुलिनच्या प्रति किलो युनिटची चौपट मिळवा. बेरीज ९ किंवा त्याहून कमी आली तर मूल हनिमूनमध्ये आहे. ३० किलोचं मूल, दिवसाला १२ युनिट, म्हणजे किलोमागे ०.४, त्याची चौपट १.६. एचबीएवनसी ६.८ असेल तर बेरीज ८.४. पॅकेज घ्यायच्या आधी हा आकडा काढून तारखेसकट लिहून ठेवा. तो आधीच ९ च्या खाली असेल, तर नंतरच्या कुठल्याही सुधारणेचं श्रेय पॅकेजला देता येत नाही.

सी-पेप्टाइडचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तो खरोखर योग्य तपास आहे. शरीर स्वतः जेवढं इन्सुलिन बनवतं तेवढंच सी-पेप्टाइड रक्तात येतं, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. पण तो कधी घेतला यावर आकडा बदलतो. ‘आधीचा’ रिपोर्ट म्हणून बहुधा निदानाच्या वेळचा, आयसीयूतला आकडा लावतात. तेव्हा पेशी बंद पडलेल्या असतात. ‘नंतरचा’ तीन महिन्यांनी, नाश्ता करून. पहिला उपाशीपोटी, दुसरा खाऊन, एवढ्यानेही आकडा दुप्पट दिसू शकतो. एक लॅब नॅनोग्रॅममध्ये देते, दुसरी नॅनोमोलमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ०.३३ नॅनोमोल प्रति लिटर. ०.४ नॅनोमोल होतं आणि नंतर १.२ नॅनोग्रॅम झालं, तर ते तिप्पट झालेलं नाही. तेवढंच आहे.

तुलना करायचीच तर दोन्ही वेळा एकच लॅब, एकच एकक, आणि सी-पेप्टाइडच्या सोबत त्याच नळीच्या वेळची रक्तशर्करा. संशोधनात मिक्स्ड मील टॉलरन्स टेस्ट करतात : रात्रभर उपाशी, सकाळी वजनाप्रमाणे ठरलेलं द्रव अन्न, मग ठरावीक मिनिटांनी नमुने. रोजच्या व्यवहारात जेवणानंतर ५ तासांच्या आत घेतलेला नमुना चालतो, साखर १४४ च्या वर असेल तर जास्त भरवशाचा. साखर ७०-८० असताना घेतलेलं सी-पेप्टाइड कमी येणारच. पेशी त्या वेळी गप्प असतात. या नमुन्यात ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर स्वतःचं इन्सुलिन फारच थोडं उरलं आहे. किडनीचा विकार असेल तर सी-पेप्टाइड खोटं जास्त दिसतं, हेही लक्षात असू द्या.

एचबीएवनसीलाही एक पळवाट आहे. लोहाच्या कमतरतेने तो वाढीव दिसतो, आणि आपल्याकडे वयात येणाऱ्या मुलींत लोह कमी असणं नेहमीचं. पॅकेजसोबत लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की एचबीएवनसी उतरतो. शिवाय पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञाचे फोन असतात, बोटाला टोचून दिवसातून सहा-सात वेळा तपासणी सुरू होते, कधी साखर सतत मोजणारा सेन्सर लावतात. यातल्या प्रत्येक गोष्टीने साखर सुधारते, आणि त्या सगळ्या पिशवीशिवाय मिळतात.

खरे मोठे प्रयोग, आणि ते इथे का लागू होत नाहीत

ब्राझीलमधल्या रिबेराव प्रेतोचा २००७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. नुकतंच निदान झालेले १५ रुग्ण, त्यातल्या १४ जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलं. पण तिथे आधी किलोमागे २०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड आणि अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन देऊन रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकली होती. काम केलं ते या औषधांनी. परत दिलेल्या स्टेम सेल रक्त पुन्हा उभं करण्यासाठी होत्या. पांढऱ्या पेशी शून्याला टेकलेल्या अवस्थेत आठवडे आयसोलेशनमध्ये काढणं, न्यूमोनिया, पुरुषांत शुक्राणू घटणं, ही किंमत. पुढे बहुतेकांना इन्सुलिन पुन्हा लागलं, आणि पोलंडमध्ये याच पद्धतीत एक रुग्ण जंतुसंसर्गाने दगावला. दुपारी पिशवी घेऊन संध्याकाळच्या लोकलने घरी जाण्याच्या उपचाराला या प्रयोगाचा दाखला देता येत नाही.

दुसरा आधार म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिस्लेसेलचा. यात स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत पूर्ण तयार केलेल्या आयलेट पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पुंजक्यांसारख्या) यकृताच्या पोर्टल शिरेतून देतात, एका वेळी ८० कोटी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षाअखेर इन्सुलिनविना होते. टाइप वनच्या उपचारांत एवढं ठळक यश क्वचितच दिसलं आहे. पण हे सगळे प्रौढ होते, साखर धोकादायक उतरते आणि त्यांना कळत नाही अशा स्थितीतले, आणि त्यांना प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागतात तशी रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू ठेवावी लागली. अभ्यासातले दोघे दगावले, त्यातला एक बुरशीच्या मेंदूज्वराने. मुलासाठी आज हा सौदा कुठलाही जबाबदार डॉक्टर करणार नाही.

नाळेचं रक्त बँकेत ठेवलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण मुंबईत असे पालक पुष्कळ आहेत. फ्लोरिडात टाइप वनच्या २४ मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त दिलं होतं. सी-पेप्टाइडची घसरण थांबली नाही. म्हणून ‘तुमच्याकडे पिशवी आहेच, वापरा’ या सल्ल्याला अर्थ नाही.

आतड्याचं किट

नमुना घ्यायची सूचना साधी वाटते : काडीवर थोडासा नमुना, निळसर द्रावणाच्या नळीत घालून हलवायचं, कुरिअरला द्यायचं. बिघडतं ते इथेच. भारतीय पद्धतीच्या संडासात किंवा जेट स्प्रेचं पाणी लागलं की नमुना पाण्याने भेसळतो. जास्त नमुना कोंबला की द्रावण पुरत नाही. आणि द्रावण नसलेली साधी डबी मे महिन्यात दुपारभर डिलिव्हरीच्या पिशवीत फिरली, तर त्यात ई-कोलायच्या कुळातले जिवाणू भराभर वाढतात आणि रिपोर्टमध्ये ‘घातक जिवाणू वाढले’ असं लाल अक्षरात येतं. आदल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं असेल तर रिपोर्ट त्या औषधाचा परिणाम दाखवतो.

स्वस्त किटमध्ये १६एस पद्धत असते, म्हणजे जिवाणूंचं एकच जनुक वाचतात. ती साधारण जिवाणूंच्या कुळापर्यंत पोहोचते, नेमक्या प्रकारापर्यंत नाही. आकडे टक्केवारीत असतात, त्यामुळे एक वाढला की बाकीचे न घटताही घटलेले दिसतात. ‘डायबेटिस रिस्क’चा जो काटा छापतात तो प्रामुख्याने टाइप टूच्या अभ्यासांवर बेतलेला, आणि २०१५ मध्येच दिसून आलं की त्या अभ्यासांतला बराच फरक मधुमेहाचा नसून टाइप टूवरच्या मेटफॉर्मिन या गोळीचा होता. शिवाय डाळ-भात-पोळी-भाजी खाणाऱ्या आपल्या लोकांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा जिवाणू भरपूर असतो. पाश्चात्त्य नमुन्यांशी तुलना केली की तो ‘असमतोल’ ठरतो. निरोगी माणसाला आजारी ठरवणारा हा दोष या रिपोर्टमध्ये आम्हाला सर्वात जास्त खटकतो.

आता संशोधनाची बाजू, कारण ती खरंच रंजक आहे. २०१३ मध्ये उंदरांत दिसलं की नर उंदरांचे आतड्यातले जिवाणू लहान मादी उंदरांना दिले की त्यांना मधुमेह होणं कमी झालं. माणसांतला सर्वात मोठा अभ्यास टेडी : अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधली आनुवंशिक धोका असलेली मुलं, जन्मापासून काही महिन्यांत सुरू केलेले नियमित शौचाचे नमुने. २०१८ च्या निकालात निरोगी राहिलेल्या मुलांच्या जिवाणूंत ब्युटिरेटसारखी छोट्या साखळीची फॅटी ॲसिड तयार करणारी जनुकं थोडी जास्त आढळली. पण फरक लहान होता, आणि जिवाणूंवर सर्वात ठळक परिणाम आईच्या दुधाचा होता. एकेका मुलाला ‘तुला होणार’ किंवा ‘तुला होणार नाही’ सांगण्याइतकं त्यात काही नाही.

ॲमस्टरडॅमचा २०२१ चा प्रयोग या पॅकेजच्या दृष्टीने सर्वात बोलका आहे. निदानानंतर ६ आठवड्यांच्या आतले २० तरुण. निम्म्यांना निरोगी दात्याचं, निम्म्यांना स्वतःचंच शौचद्रव्य नळीने लहान आतड्यात दिलं, ४ महिन्यांत ३ वेळा. वर्षाअखेर सी-पेप्टाइड जास्त टिकलं ते स्वतःचं द्रव्य मिळालेल्यांचं. दात्याची अपेक्षा फसली. असं का झालं यावर अजून काम चालू आहे, पण ‘निरोगी दात्याचे जिवाणू द्या, मधुमेह थांबेल’ हा विक्रीचा मुद्दा याच प्रयोगाने मोडतो. ऑस्ट्रेलियात टाइप वनच्या १८ प्रौढांना ६ आठवडे रोज ४० ग्रॅम खास स्टार्च देऊन हीच छोट्या साखळीची फॅटी ॲसिड वाढवता आली. साखरेवर एकूण फरक पडला नाही.

प्रोबायोटिकबद्दल थोडक्यात. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं पाकीट घेऊ नका; नावापुढे त्या वाणाचा क्रमांक हवा आणि जिवाणूंची संख्या एक्सपायरीच्या तारखेची हवी, बनवतानाची नव्हे. आणि एक गंभीर इशारा : रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर प्रोबायोटिकमधला जिवाणू किंवा यीस्ट रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही भाग एकत्र विकणाऱ्या पॅकेजमध्ये हा इशारा कुठे छापला आहे ते शोधा.

आतड्याचा एकच तपास टाइप वनमध्ये खरोखर हवा : सीलिएकचा, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा. त्यासाठी रक्ताच्या दोन तपासण्या, टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए. निदानाच्या वेळी, मग दोन आणि पाच वर्षांनी. अशी इजा होत असेल तर अन्न नीट शोषलं जात नाही, आणि कारण न कळता साखर वारंवार उतरते, मुलाची उंची खुंटते. जिवाणूंच्या रिपोर्टच्या तुलनेत या रक्ततपासणीचा खर्च किरकोळ आहे. थायरॉइडची टीएसएच तपासणी त्याच रक्तात करून घ्या.

नियम काय सांगतात

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि ट्रायलमधल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. खारघरचं टाटाचं ॲक्ट्रेक किंवा बोरिवलीतलं महापालिकेचं केंद्र इथे मॅरो प्रत्यारोपणं होतात ती कॅन्सर, थॅलेसेमियासारख्या आजारांसाठी. ‘मुंबईत सगळीकडे होतं’ असं सांगताना त्यांचा दाखला देतात, तो चुकीचा. स्टेम सेलपासून केलेलं उत्पादन २०१९ च्या औषध नियमांत नवं औषध धरलं आहे. ‘तुमच्याच पेशी, त्याच दिवशी, म्हणून परवानगी लागत नाही’ हे ऐकवतील. मार्गदर्शक सूचनांत ही सूट नाही. आणि १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. तो बरा करण्याची जाहिरातच करता येत नाही.

ट्रायल आहे असं म्हणाले तर सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची नोंदवही) क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. आजाराचं नाव टाइप वनच आहे का (गुडघ्याच्या ट्रायलचा क्रमांक दाखवतात), केंद्रांच्या यादीत हे हॉस्पिटल आहे का, वयोगटात तुमचं मूल बसतं का, औषध नियंत्रकांची मंजुरी नोंदवली आहे का. संमतिपत्र मराठीत मागा. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते.

तेवढ्याच पैशांत

सेन्सर, केटोनच्या पट्ट्या, साखर फार उतरली तर द्यायचं ग्लुकागॉन, इन्सुलिनचा जादा साठा, आणि कार्बोहायड्रेट मोजायला शिकवणारा आहारतज्ज्ञ. दोन लाखांत हे कित्येक महिने चालतं आणि प्रत्येक गोष्टीचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. सेन्सर मुंबईच्या घामाने सुटतो. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या, वरून ओव्हरपॅच लावा. केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग आणि परळचं वाडिया इथे हे सगळं पैशाच्या दडपणाशिवाय विचारता येतं. भावंडांची काळजी असेल तर त्यांच्या जीएडी, आयए-टू आणि झिंक ट्रान्सपोर्टर अँटिबॉडी तपासा. दोन अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील तर नियमित तपासणीने निदान लवकर होतं आणि पहिलाच दिवस आयसीयूत उजाडत नाही. टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं ते याच्या लगेच पुढच्या टप्प्यासाठी : अँटिबॉडी आहेत, साखर बिघडू लागली आहे, पण लक्षणं अजून नाहीत. ते आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा डोस एक दिवसही चुकवू नका. पॅकेजनंतर साखर छान असताना इन्सुलिन थांबवलं आणि पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले, की कीटोॲसिडोसिस (केटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था) व्हायला चोवीस तासही पुरतात. रक्तातलं केटोन १.५ च्या वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन, ३ च्या वर तर थेट हॉस्पिटल. पिशवी घेतल्यानंतर ताप, थंडी, धाप लागणं किंवा पायाला सूज आली तर ज्या हॉस्पिटलात जाल तिथे पेशी घेतल्याचं आणि तारीख आवर्जून सांगा. लपवल्याने निदान चुकतं.

दुसरी, कागद. लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागा. ७२ तासांत द्यायला डॉक्टर बांधील आहेत. त्यात संमतिपत्र, पिशवीच्या लेबलचा फोटो, पेशींचा प्रकार आणि संख्या, बॅच क्रमांक, निर्जंतुकतेचा अहवाल आणि पक्की पावती हवी. पावतीवर ‘स्टेम सेल’ऐवजी ‘प्रोसिजर चार्जेस’ लिहिलं असेल तर व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा, तेच पुरावा ठरतील. डॉक्टरांविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, उत्पादन आणि जाहिरातीबद्दल वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राज्य एफडीएकडे, आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्याच फाइलला लावा.